आजीची टेस्ट

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधी कुणीतरी विचारायचं, "आजीचं कसं काय आज?" आणि जो आधी येऊन बसलेला असेल तो मान वर न करता सांगायचा, "हिरवी आहे," नाहीतर, "रुसलीय."

आजी म्हणजे एक टेस्ट. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे ऑफिस मोबाईलवरचं एक पान चालवायचं. पान अगदी साधं होतं. वर 'काय झालं?' असं विचारणारी चौकट, खाली एक लाल बटण. चौकटीत काही लिहा किंवा लिहू नका. बटण दाबलं की 'मदत निघाली आहे' असा हिरवा पडदा यायचा आणि जवळच्या केंद्रातून माणसं निघायची. या पानात कुणी कणभर जरी बदल केला, तरी तो लोकांपर्यंत जाण्याआधी सर्व्हर आपणच पान उघडून, नाना तऱ्हांनी दाबून-चाचपून बघायचा. त्या सगळ्या तपासण्यांत एक खोटी म्हातारी होती. ती पान उघडायची, चौकटीत 'मी पडले' असं लिहायची, बटण दाबायची आणि हिरव्या पडद्याची वाट बघायची. पडदा आला तर टेस्ट हिरवी, नाही आला तर लाल.

बाकीच्या टेस्ट सरळमार्गी होत्या, आजी मात्र लहरी. पानात काही बिघाड नसताना लाल व्हायची आणि पुन्हा चालवली की गुपचूप हिरवी. शेवटी सर्व्हरलाच सांगून ठेवलं होतं की ती लाल झाली तर आपणहून पुन्हा चालव, हिरवी होईपर्यंत चालव, आणि एकदा हिरवी झाली की आधीचं सगळं माफ. असली एखादी टेस्ट प्रत्येक ऑफिसात असते, आणि प्रत्येक ऑफिस तिच्याकडे असाच काणाडोळा करतं.

पानाचा दर्शनी भाग लिहायची ती शंकाताई. हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघायचं, अशी तिची जात. आजीचं हे लाडावणं तिला मुळीच पसंत नव्हतं, पण हातातल्या कामांतून डोकं वर निघेल तर ना.

आणि ते लाल बटण खाली डाव्या कोपऱ्यात होतं, त्यामागंही तीच होती. मीटिंगमध्ये कारण तिनं छान दिलं होतं: फोन नुसता धरताना उजव्या अंगठ्याचा धक्का लागतो, उगाच खोट्या हाका जातील, म्हणून बटण डावीकडे बरं. सगळ्यांना पटलं. खरं कारण होतं तिचे बाबा.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डावखुरे. उभा जन्म शिडीवर काढला आणि म्हातारपणी दोन खोल्यांत एकटेच राहिले, कारण लेकीच्या घरी भिंती फार पांढऱ्या आहेत म्हणे. त्यांच्या डोळ्यांसाठी तिनं मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. तो ते उजव्या हातात पाटीसारखा धरायचे आणि डाव्या हाताच्या बोटानं, रंग लावावा तसं हलकेच टेकवायचे. पहिल्यांदा पान दाखवलं तेव्हा म्हणाले, "बटण बरोब्बर हाताखाली आलंय गं. तुमच्यात कुणीतरी शहाणं दिसतंय." बस चुकली तरी त्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली होती.

सुरुवात झाली ती सर्व्हरवरची जागा भरल्यामुळे. टेस्ट फेल झाली की त्या वेळी पडद्यावर काय घडलं याचा छोटा व्हिडिओ साठवला जायचा. आजी मधूनच रुसत राहिली आणि व्हिडिओ साठत राहिले. बघायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी ऑफिसचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणायचे, त्याचा मेसेज आला. त्याचा प्रत्येक मेसेज ठरलेल्या तीन शब्दांनी सुरू व्हायचा, सर्व्हर पेटला असला तरी. 'जरा बघता का. आजीच्या व्हिडिओंनी जागा खाल्लीय, उडवून टाका.'

आता दुसरं कुणी असतं तर सगळे निवडून एका फटक्यात उडवले असते. शंकाताईनं एक उघडला.

पांढरं पान आलं. व्हिडिओत जिथे बोट टेकेल तिथे एक करडा ठिपका उमटतो. ठिपका चौकटीत उमटला आणि अक्षरं येऊ लागली. यंत्र एका दमात लिहून टाकतं, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. इथे एकेक अक्षर येत होतं. चुकत होतं, खोडलं जात होतं, पुन्हा येत होतं. शेवटी चौकटीत तीन शब्द उभे राहिले.

पंखा बंद करा.

मग ठिपका खाली आला. बटण डाव्या कोपऱ्यात, आणि ठिपका उमटला उजव्या बाजूला, मोकळ्या पांढऱ्या जागेत. थोडा थरथरला. पुन्हा तिथेच. पुन्हा. एकदा जरा डावीकडे सरकला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत उजवीकडे घसरला. व्हिडिओ संपला. फेल.

तिनं दुसरा उघडला, तिसरा उघडला. तेच तीन शब्द, तीच चुकामूक, तोच थरथरता ठिपका.

तिनं कोड उघडला. आजीच्या टेस्टमध्ये 'मी पडले' एवढंच होतं. बटण शोधायचं ते त्याच्या नावावरून आणि दाबायचं ते नेमकं मधोमध, म्हणजे चुकायला वावच नाही. 'पंखा' हा शब्द तिनं सगळ्या कोडमध्ये धुंडाळला. कुठेही नव्हता.

शेजारच्या टेबलावर दाढीवाला बसायचा. सर्व्हरचं सगळं तो बघायचा आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असायचं.

"दुसऱ्या कुणाच्या टेस्टचा डेटा मिसळला असेल," तो म्हणाला.

"कुणाच्या? पंखे विकणाऱ्यांच्या?"

"ताई, मशीन आहे ते. मशीन आपल्या मनानं काही लिहीत नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

त्यानं पुन्हा एकदा व्हिडिओ बघितला, दाढी खाजवली आणि चहा आणायला गेला. परत आला तो दुसऱ्याच विषयावर बोलत.

आजीची टेस्ट लिहिली होती काकूंनी. काकू या ऑफिसच्या पहिल्या टेस्टर. निवृत्त होऊन आता घरी झाडं लावत बसल्या होत्या. दुपारी जेवण झाल्यावर शंकाताई जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं चाचरत विषय काढला. ती आजी तुम्ही कुणावर बेतली होती का, तुमच्या आईवर वगैरे?

"छे गं. टेस्टला एक माणूस हवं होतं, म्हणून आजी. काही डोकं चालवलं नव्हतं मी."

"मग काकू, ती 'मी पडले' सोडून दुसरं काही…"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"हल्ली काय लिहिते ती?" काकूंनी विचारलं.

शंकाताईनं सांगितलं.

"ती लाल झाली की मी आधी पान बघायचे, तिला नाही," काकू म्हणाल्या. "तू पण पानच बघ. आणि तिला काढू नका बाई. एवढं करशील?"

नळ पुन्हा सुरू झाला. झाडांना पाणी घालायचं राहिलंय म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

नव्या आवृत्तीची तारीख तोंडावर आली होती आणि आजी आता पुन्हा पुन्हा चालवूनही हिरवी होईना. कप्तानानं सगळ्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत असला की समोरच्या माणसाचं अर्धंच वाक्य ऐकायचा.

"आजीला झोपवू या," तो म्हणाला. टेस्ट काढून न टाकता नुसती बंद करण्याला ऑफिसात झोपवणं म्हणायचे. "पान चालतंय. आपण सगळ्यांनी हातानं दाबून बघितलंय. एका खुळ्या टेस्टपायी सगळं अडवून ठेवायचं का?"

"बटण चुकीच्या जागी आहे," शंकाताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कारण ते बटण कुणाच्या हट्टानं तिथे गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"एकाच हातात फोन असेल, उजव्या, आणि फोन मोठा असेल, तर अंगठा तिथवर पोचत नाही. मी करून बघितलं. आडवं पडून करून बघितलं." घरी पलंगावर पडून तिनं खरोखरच ते केलं होतं. अंगठा ताणून ताणून दुखायला लागला होता, आणि उमटला असता तर ठिपका नेमका त्याच पांढऱ्या जागेत उमटला असता. "मला एक दिवस द्या. बटण या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवं करते. आजी हिरवी झाली तर ठेवू. नाही झाली तर झोपवा."

दाढीवाला हसला. "ताई, आजी बटण नावानं शोधते. ते कुठे आहे, केवढं आहे, तिला काय फरक पडतो?"

"पडायला नको," शंकाताई म्हणाली. "मला माहीत आहे."

कप्तानानं घड्याळ बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तोंडानं हवा सोडली. "एक दिवस."

तिनं बटण आडवं केलं. खोट्या हाकांची भीती होती, म्हणून नुसता धक्का लागून चालणार नाही, बोट क्षणभर टेकलेलं राहायला हवं, अशी सोय केली. आणि थरथरत्या बोटानं पुन्हा पुन्हा टेकवलं तरी ते एकच दाबणं धरलं जाईल असंही केलं. मग सगळ्यांसमोर टेस्ट चालवली. आजी पहिल्या फटक्यात हिरवी झाली.

कुणी टाळी वाजवली नाही. दाढीवाला पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "योगायोग." पण हळू म्हणाला.

नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर गेली आणि त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"अगं, चांगलं कोपऱ्यात होतं ते बटण, त्याची फळी कुणी केली?"

"मी केली, बाबा."

"अक्षरांच्या बाजूला श्वास घ्यायला जागा नको का? मी अशी पाटी रंगवली असती तर दुकानदारानं मला शिडीसकट हाकललं असतं."

"असू दे. थोडे दिवस वापरून बघा."

"वापरायचं कशाला? मला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि हसले.

त्यानंतर आजी रुसली नाही. ऑफिसातली चौकशीही थांबली. महिना-दीड महिना गेला असेल. एका दुपारी शंकाताई मीटिंगमध्ये असताना तिचा फोन वाजला. केंद्रावरची बाई बोलत होती. तिच्या आवाजात घाई नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच शंकाताई खुर्चीतून उठली.

"तुमच्या वडिलांना दवाखान्यात आणलंय. वेळेत आणलंय, डॉक्टर म्हणतायत. तुम्ही सावकाश या."

सावकाश कोण जातंय. ती पोचली तेव्हा बाबांना आत नेलं होतं. बाहेर बाकावर त्यांना उचलून आणणारा माणूस बसला होता, निळ्या गणवेशातला, पाण्याची बाटली हातात घेऊन. त्यानं उठून तिला जागा दिली. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं होतं, तो म्हणाला. डावी बाजू गेलीय, पण परत येईल असं म्हणतायत. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

"खाली जमिनीवर पडले होते. डावा हात अंगाखाली. उजव्या हातात फोन घट्ट धरलेला, सोडायलाच तयार नव्हते." तो जरासा हसला. "आणि लिहिलं काय होतं बघा. माणसं लिहितात पडलो, छातीत दुखतंय, वाचवा. यांनी लिहिलं होतं, पंखा बंद करा. आम्ही दार उघडलं तर पंखा डोक्यावर भरधाव चालू आणि हे थंडीनं कुडकुडतायत. आधी पंखा बंद केला बघा, मग यांना उचललं."

शंकाताई बाकावर बसली. तिला रडू आलं. ते कशाचं हे तिला कळलं नाही. त्या माणसाचा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि नुसतीच मान हलवत राहिली. त्याला वाटलं हे आभार त्याचेच आहेत. होतेच, त्याचेही होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाबा थोडंसं बोलले. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. त्यांनी उजवा अंगठा वर केला, हवेत आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "तुझी… फळी."

"हो बाबा."

"बरी… होती."

एवढं मोठं प्रशस्तिपत्र तिला आयुष्यात मिळालं नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर तिनं सगळं सांगितलं. दाढीवाला या वेळी योगायोग म्हणाला नाही. कप्तानानं तिच्यासाठी आपल्या हातानं चहा करून आणला, जन्मात पहिल्यांदा, आणि तो चहा सगळ्यांच्या देखत पिणं ही तिची परीक्षाच होती. "मी झोपवणार होतो तिला," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी तिलाच त्याची समजूत घालावी लागली. त्याच दिवशी त्यानं आजी पुन्हा पुन्हा चालवायची सोय बंद करायला लावली. लाल झाली तर लाल, म्हणाला, सगळ्यांनी उठून बघायचं.

शंकाताईनं आजीच्या कोडमध्ये वर एक ओळ लिहिली. यंत्र जी वाचत नाही, फक्त माणसं वाचतात, तसली. 'आजी, तुमचे उपकार आहेत.' मग हिरव्या टेस्टचेही व्हिडिओ ठेवायला सांगून ती काही दिवस ते बघत राहिली. 'मी पडले' एका दमात यायचं, ठिपका बटणाच्या बरोबर मधोमध, पडदा हिरवा. यंत्राचं काम. कुणाचा तरी निरोप घ्यायचा राहून गेल्यासारखं तिला वाटलं.

बाबा भिंतीला धरून चालायला लागले. उजव्या हातानं रेघा ओढायचा सराव करू लागले आणि त्या वाकड्या आल्या की फोनवर शिव्या घालू लागले. शंकाताईला त्या शिव्या ऐकून बरं वाटायचं. घरी जाताना कुलूप आता ती एकदाच ओढून बघायची.

मग एका सकाळी ती ऑफिसात शिरली आणि कुणी मान वर केली नाही.

"आजी?" तिनं विचारलं.

"लाल," दाढीवाला म्हणाला. "आत्ताच."

सगळे उठून त्याच्या टेबलाभोवती जमले. कप्तानही आला, हातात कप घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. दाढीवाल्यानं व्हिडिओ लावला.

पांढरं पान. ठिपका चौकटीत उमटला. अक्षरं येऊ लागली, एकेक, थांबत थांबत.

जरा बघता का

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अक्षरांपुढची ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. सगळे ठिपका खाली येण्याची वाट बघत होते. बटण या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवं पसरलेलं होतं, चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येणार नाही असं.

ठिपका खाली आला नाही. व्हिडिओ संपला.

"बटण दाबलंच नाही तिनं," दाढीवाला म्हणाला.

सगळे मागे वळले.

"माझ्याकडे काय बघताय?" कप्तान हसला. त्याच्या कपाळावर घाम होता. कप उजव्या हातातून डाव्या हातात घेत त्यानं डावा खांदा चोळला. "काल संध्याकाळपासून जरा अवघडलंय. उशी बदलायला हवी."

शंकाताईनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"कप्तान, खाली बसा."

"अगं, पण…"

"बसा म्हणते ना."

तो बसला. तिच्या आवाजामुळे बसला, की पायांत त्राण नव्हतं म्हणून, ते तिनं नंतरही कधी विचारलं नाही. दाढीवाला त्याच्या शर्टाचं वरचं बटण सोडत होता. तिनं आपला फोन काढला आणि पान उघडलं.

चौकट रिकामी नव्हती. तिचा अंगठा अजून कुठेच टेकला नव्हता आणि चौकटीत कप्तानाचे ते तीन शब्द आधीच लिहिलेले होते.

तिनं फक्त बटण दाबलं.